घरातलं नाव

रविवार संध्याकाळ, बीड

१. आईसोबत युद्धानंतरचा एक सिनेमा पाहिला.
२. त्यात बहीण हरवलेल्या भावाला छावण्यांमधून शोधते, त्याचं पूर्ण नाव पुकारत. कुणी वळत नाही.
३. आई टीव्हीकडे बघून ओरडली, "कागदावरचं नाव कावून घेती? घरातलं नाव घे की!"
४. शेवटी बहिणीने तेच केलं. तो वळला. आई म्हणाली, "बघ, आधी मला इचारायचं." दोघी खूप हसलो.

मग आठवलं. भांडून पुण्याला गेलेल्या धाकट्या भावाला मी माझ्या लग्नाचं कळवलं, ते 'प्रिय विशाल' म्हणून. ऑफिसच्या मेलसारखं. विशाल! घरात त्याला असं कोण म्हणतं? उत्तर आलं नाही, ते बरोबरच.

आत्ता पुन्हा लिहिलं: "गोट्या, नवरदेवाचा कान कोण पिळणार? येतोस का, शुक्रवारपर्यंत कळव."