हात बहिरा होण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, देवरी, जि. गोंदिया

विषय : चि. रोशन (इयत्ता दहावी) यास मुलींच्या परीक्षा-समुपदेशन वर्गात शेवटच्या बाकावर बसू देणेबाबत.
संदर्भ : शाळेचे तोंडी उत्तर, "वर्ग फक्त मुलींचा आहे."

महोदय,

अर्जदार दुर्पता सुकराम उईके, धंदा शेती व तेंदूपत्ता, सविनय सादर करते की, तिची भाग्यश्री व रोशन ही जुळी लेकरे गावच्या हायस्कुलात दहावीला आहेत.

१. दिवाळीनंतर शाळेत समुपदेशक मॅडम आल्या. परीक्षेचे भेव ज्यांना लागते त्यांनी हात वर करावा, असे त्यांनी सांगितले. पोरींनी हात वर केले. पोट्टे एकमेकांकडे पाहून हसले. सबब भीती मुलींनाच असते असे ठरून वर्ग मुलींपुरता सुरू झाला. भाग्यश्री आता रडत नाही, झोपते.

२. मागाहून रोशन एकटाच मॅडमकडे गेला व म्हणाला, "मले भेव नाही लागत जी, पेपर पाहून हात बहिरा होते." आमच्याकडे हात सुन्न पडला की बहिरा झाला म्हणतात. मॅडम शहरातल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांना 'बहिरा' तेवढे समजले. रोशनला कानाच्या शिबिरात पाठवले.

३. तो मुकाट्याने गेला. अर्जदाराने "काऊन गेलास रे?" असे विचारले असता, "बहिरा म्हटलं त कोणी हासत नाही, माय," असे उत्तर मिळाले. डॉक्टरांनी कान उत्तम ठरवले. शाळेने तक्रार मिटली असे कळवले.

४. सराव परीक्षेत गणिताच्या पेपरावर त्याने नाव लिहिले आणि घंटा होईपर्यंत बसून राहिला. घरी येऊन जेवला. बाप म्हणतो, जंगलात एकटा जाते तो पोट्टा कागदाले भेते का? अर्जदारास आधी राग येत होता. आता तोही येत नाही.

५. मुलींचा वर्ग चालू असताना रोशन खिडकीखाली सायकल पुसत उभा राहून राहते, असे भाग्यश्री सांगते. शिपाई हाकलून देतो. पोट्टे हसतील असे अर्जदाराने बजावले, तर म्हणाला, "हासू दे."

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. तरी त्यास वर्गात बसू द्यावे, ही विनंती. तो काही बोलणार नाही, फक्त ऐकेल. त्याचे कान चांगले आहेत, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
दुर्पता सुकराम उईके
(अक्षर : भाग्यश्री)
दि. ९ फेब्रुवारी २०२५

सोबत : कानाच्या तपासणीचा दाखला.