फक्त पहिला थांबा

पवनार, मंगळवार संध्याकाळ

बाबा आज जामच्या फाट्यावर दीड तास उभे होते. आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये बस चारची दाखवली, ती तीनलाच गेलती.

ॲपमधल्या वेळा बरोबर आहेत का, हे तपासणारी टेस्ट माझी. कोडमधलं फंक्शन गाड्यांची यादी देतं, प्रत्येक गाडीच्या आत थांब्यांची यादी. मी प्रत्येक गाडीचा फक्त पहिला थांबा तपासला. आतले बाकीचे एकेक करून तपासायचा कंटाळा केला. टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास, झालं! फक्त पहिला थांबा. आणि जाम सहावा.

चहा घेताना बाबांनी विचारलं, "पोरी, तुमच्याकडं हे तपासणारा कोणी राह्यते का नाई?"

"राह्यते," मी म्हटलं. माझं नाव तोंडातून निघालंच नाही.

"त्याले जास्त बोलू नोको. थकला असन बिचारा."

थकली कुठं होती मी? टेस्ट लिहिली त्या दिवशी पाचलाच लॅपटॉप मिटवला होता.