गरम रबरावरचा मुलामा

४ नोव्हेंबर १९६३

पोचलो एकदाचा! बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. प्राचार्य रामराव स्वतः स्टेशनवर, हातात संत्र्यांची करंडी. माणूस प्रेमळ, भौतिकशास्त्रातलं मात्र ओ की ठो कळत नाही. दुर्गाबाईंच्या खाणावळीत भाजीतलं वांगं शोधावं लागतं, तिखट आपण होऊन भेटायला येतं. असो. पुण्यात ज्या यंत्रासाठी सहा जण रांगेत, ते इथे धूळ खात पडलंय. महिनाअखेर बिनसुरकुतीचा एक नमुना दाखवला, की विलायतेची शिष्यवृत्ती माझी. मग या गावाला रामराम.

६ नोव्हेंबर

काम सोपं. काचेच्या घंटेतली हवा पंपाने ओढायची, आत ॲल्युमिनियमची तार तापवायची. तिची वाफ खालच्या सिलिकोन रबराच्या मऊ चकतीवर बसते. झाला मुलामा, आरशासारखा. फक्त निवताना रबर आकसतं आणि मुलाम्याला सुरकुत्या पडतात. माझं भांडण तेवढ्याशीच.

मदतनीस देवमन, पन्नाशीचा. त्याने सुती हातमोजे पुढे केले. बायकोने, पंचफुलाने, शिवलेले म्हणे. सात वर्षांपूर्वी हे लोक बौद्ध झाले, म्हणून त्यांच्या घरची वस्तू मी हातात घालू? तोंडाने बोललो नाही, नुसते टेबलाखाली टाकले. त्याने उचलून झटकले, घडी करून खिशात ठेवले. मग बजावलं, गरम रबराले उघड्या हातानं शिवू नका सर, ते माणसाले धरते. आधीचे केशवराव सर एकदाच शिवले, आंगठ्याच्या रेघा गेल्या, मोर्शीले निघून गेले.

मी पोट धरून हसलो आणि त्याच्यादेखत गरम चकतीवर अंगठा दाबला. काय झालं? कप्पाळ!

९ नोव्हेंबर

दुसरी चकती. सुरकुत्या पडल्याच, पण गोल गोल. भिंगाखाली पाहिल्या. अंगठ्याचा ठसा! या चकतीला मी हातही लावलेला नाही. देवमनचा चावटपणा, दुसरं काय. चांगला फैलावर घेतला. तो शांतपणे म्हणाला, सर, तुमचा आंगठा पाहा.

पाहिला. साफ गुळगुळीत. ॲसिड लागलं असेल.

१३ नोव्हेंबर

तिसरी. पाची बोटांचे ठसे. माझी बोटं कोरी, पेन सारखं निसटतं. देवमन काकुळतीला आला, आता बंद करा सर, काहून जिवावर उदार होऊन राहिले. मदतनिसाने मला शहाणपण शिकवावं! चौथी करणारच.

१५ नोव्हेंबर

चौथीवर दोन्ही तळहात, आयुष्यरेषेसकट. मला भीती वाटते. लिहून टाकलं. पण शेपूट घालून परतलो तर पुण्यात सगळे दात काढतील.

अंगठ्याच्या ठशाची ती दुसरी चकती पुन्हा तापवली. सुरकुत्या विरल्या आणि अंगठ्यावर दोन रेघा परतल्या! म्हणजे इलाज हातात आहे. मग भ्यायचं कशाला? आधी नमुना, रेघा नंतर.

१८ नोव्हेंबर, दुपार

देवमन दाराशी घुटमळत होता. हाक मारल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही, म्हणून व्हरांड्यात हाकलला आणि आतून कडी घातली. पाचवी चकती घंटेत निवतेय. सुरकुत्या उमटू लागल्या. या वेळी हात नाहीत. आडव्या दोन— ओठ आहेत.

माझे ओठ— बोट फिरवून पाहिलं. फटच नाही. सलग कातडी.

तापवायला हवी. हीटरची कळ फिरवतो, बोटं घसरतात. दोन्ही हातांनी, तरी घसरतात. रुमालही हातात ठरत नाही. कडी— तीही नाही. पेन मनगटांत धरलंय—

वर पापणी उमटतेय. डावा डोळा गेला. आता नाकपुड्या—

देवमन दहा पावलांवर आहे. खोकतो, ऐकू येतं. बोलावल्याशिवाय येणार नाही गाढव— नाही, गाढव मी. टेबलावर मूठ आपटली. पुन्हा आपटली.

आला दाराशी. विचारतोय, काय झालं सर? दार तोडू का? मांगच्या खेपेले तुमी लय बोलले, म्हून विचारतो. फक्त हो म्हना.

हो. हो. देवमन, हो—

पुन्हा विचारतोय. एकच शब्द द्या सर—

उजवा डो—