ती वीस मिनिटं

प्रिय वहिनी,

अभ्यासासाठी मी दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासते आहे. आज तुझी सापडली: ‘मृत जन्म’. विचारलं तेव्हा नर्सबाई हळूच म्हणाल्या, “अगं, जन्मताच रडली होती पोर, मग श्वास अडकला. तुझी वहिनी गुंगीत होती. श्वास द्यायची पिशवी कपाटात, किल्ली डॉक्टरसाहेबांच्या खिशात आणि साहेब जेवायला! वीस मिनिटांत संपलं. मग म्हणाले, मृतच जन्मली असं लिहा.”

आई अजून तुला ऐकवते, “जड उचललंस, पोटातच मारलंस.” तू मान खाली घालतेस. मी सांगितलं तर आई ऐकेल. घरात शिकलेली मीच एकटी. अभ्यासात मी खरं लिहिलं. पण तुझा दोष नव्हता हे सांगायचं, तर लेक वाचली असती हेही तुला सांगावं लागेल.

ते धाडस होत नाही. हे पत्रही माझ्याजवळच राहील.

तुझी,
नणंद