बाबा दलदलीत हरवले तो दिवस
शनिवार, ऑक्टोबर २०१५. हार्झ डोंगर, जर्मनी.

बाबा जेवून लगेच झोपलेत. मी मात्र हे लिहीत बसलेय.

सकाळीच हॅनोव्हरहून, माझ्या घरून, ट्रेनने आलो. डोंगरमाथ्यावरची ही लांब पल्ल्याची पायवाट बाबांना दाखवायची ही माझीच हौस. सगळा सह्याद्री पालथा घातलेला माणूस, खूश होईल म्हटलं. झालेही. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून माझ्यापुढे झपझप चालत होते. मग धुकं उतरलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, मान वर केली तर बाबा नाहीत.

हाका मारून मारून घसा बसला. सापडले तेव्हा फळ्यांवरून खाली उतरून गुडघाभर काळ्या चिखलात उभे होते. मी हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? माझी मुलगी पाहिलीत का इथे कुठे?"

तुम्ही. मला.

धुक्यानं गोंधळले असतील? दमले असतील? पुण्याला दादाला फोन केला, तर म्हणतो, "वय झालं गं त्यांचं." त्यानं ते 'तुम्ही' ऐकलं नाही ना. पुढच्या आठवड्यात बाबांचं परतीचं विमान, आणि दादा वेगळा राहतो, आई गेल्यापासून तिथल्या घरात ते एकटेच. कसं पाठवू? आणि व्हिसा संपल्यावर इथे ठेवू तरी कसं?

संध्याकाळी सूप पिताना अगदी नेहमीसारखे होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठे हरवली होतीस गं? केवढा घाबरलो मी. आता एकटीनं पुढे जायचं नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?