इस्त्रीच्या वेळची चाल

३ मार्च
चि. बेबीस, अनेक उत्तम आशीर्वाद.
तुझ्या लेकाला सुधारगृहात येऊन चार महिने झाले, पण माझ्या गाण्याच्या वर्गात तो अजून घुम्यासारखा बसतो. बारा पोरं गोल करून बसतात, एकच ढोल फिरतो. ज्याच्या हाती ढोल त्याने हवं ते वाजवायचं, बाकीच्यांनी साथ धरायची. मी स्वतःहून काही सुरू करायचं नाही, हा नियम माझाच. हा मात्र ढोल आला की पुढे सरकवतो. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. घरी सोडावं का, हे ठरवताना माझाही अहवाल बघतील. काय लिहू? आणि वेळेवर जेवत जा गं बाई.
— दादा

११ मार्च
ती. दादास, सा. न. वि. वि.
नियमांचं काय घेऊन बसलास! मी लॉन्ड्रीत इस्त्री करताना एक चाल गुणगुणायचे, बिनशब्दांची, आठवते ना? हा टेबलाखाली कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचा, तिच्याशिवाय डोळा लागायचा नाही. ढोलावर ठेका धरून ती गुणगुण. बोलेल बघ. मी त्याची खोली झाडून ठेवलीय. लोभ असू दे, यंदा जरा जास्तच लागेल.
— बेबी

१९ मार्च
चि. बेबीस, आशीर्वाद द्यायला तोंड नाही.
ढोल वाजवत ती चाल गुणगुणलो. तो दचकला. पोरं गुणगुणू लागली आणि मी मूर्ख खूश झालो. तो बंद करा म्हणाला. मला वाटलं, बोलला एकदाचा! थांबलो नाही. पोरांना चेव आला, ती हसत हसत मोठ्याने गाऊ लागली. त्याने माझ्या हातातली ढोलाची काठी हिसकावली आणि शेजारच्याच्या तोंडावर मारली. त्या पोराचा डोळा गेला, बेबी. आता सुटकेचं नाव नको, नवा गुन्हा लागलाय. चूक माझी, असं अहवालात लिहिलं. साहेब म्हणाले, मारलं तर त्यानेच ना. त्याला वेगळ्या खोलीत नेताना तो एवढंच म्हणाला, की मामा, ती आईची आणि माझी होती, ह्यांना का दिलीस.
— दादा

२६ मार्च
ती. दादास, सा. न.
तुला शिव्या घालायला बसले होते, पण गुणगुण म्हणाले मीच. काल भेटायला गेले. तो बाहेर आलाच नाही. शिपाई थांबा म्हणाला, म्हणून तासभर बाकावर बसले. आत तुझी पोरं माझीच चाल म्हणत होती. किती छान म्हणतात रे मेली! त्यात याचा आवाज सापडेल म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. नव्हता. इस्त्री करताना आता माझं तोंड मिटलेलंच असतं. माया ठेव, उत्तर नको.
— बेबी