ओल्या कचऱ्याची रिकामी बादली

३ ऑगस्ट

चि. ताईस,
अ. उ. आ. पत्र चिडून लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

आमच्या कचऱ्याच्या गाडीत ओला-सुका सगळा एकत्र ओतला जायचा, हे तुला माहीत आहेच. आम्ही घरी नाक दाबून निवडायचं आणि कोपऱ्यावर सगळं पुन्हा एक. मी सात अर्ज केले, तेव्हा कुठे गाडीत मधोमध फळी बसली. इमारतीने कौतुकाने मला कचराप्रमुख केलं. आणि आता गाडीवरच्या बाईंनी माझीच बादली पकडली.

त्यांचं म्हणणं, बारा दिवस माझी ओल्याची बादली कोरडी ठणठणीत आहे, म्हणजे मी ओलं सुक्यात दडपतो. आणि हे चार लोकांसमोर. तीस वर्षं मी दुकानदारांची वजनमापं तपासली, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. डोकंच फिरलं. तिथल्या तिथे सुक्याची बादली जिन्यात पालथी केली. सुकं पंधरवड्यातून एकदाच नेतात, त्यामुळे बारा दिवसांचं सगळं त्यात होतं: बिस्किटांचे चौदा पुडे, पावाच्या सहा पिशव्या, धुवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. सालाचा एक कपटा निघाला नाही. बाईंनी वाकून आधी पुडे मोजले, मग पावाच्या पिशव्या.

बाकी तब्येत उत्तम, जेवणखाण वेळेवर. तू तुझ्या वॉर्डातल्या रोग्यांकडे बघ. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझे,
बाबा


५ ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ड्यूटी संपल्यावर तुमचं पत्र वाचलं आणि इतकी हसले की बाकीच्या नर्स बघायला आल्या. मग ती यादी पुन्हा वाचली आणि हसू पळालं. आरोपातून सुटलात, बाबा, पण माझ्या तावडीत सापडलात. बारा दिवसांत बटाट्याचं साल नाही, कांद्याचं टरफल नाही, मग ते वेळेवरचं जेवणखाण कशाचं चाललंय?

आई गेल्यावर तुम्हीच शब्द दिला होता की रोज काहीतरी शिजवाल, नाहीतर घर बंद करून माझ्याकडे राहायला याल. मी पंधरा तारखेला येते. बॅग भरून ठेवा. रागावले नाहीये, पण काळजी वाटतेय. हे म्हणतात, आमच्या इमारतीतही कचराप्रमुखाची जागा रिकामी आहे.

माझ्यावर माया आहे ना, मग आज तरी गरम जेवा.

तुमची,
ताई


११ ऑगस्ट

चि. ताईस,
अ. उ. आ. तुझं पत्र आलं आणि मी लबाडी केली. शेजारच्या वहिनींची ओली बादली मागून घेतली आणि माझ्या बादलीत ओतली. दुसऱ्या दिवशी बाईंनी झाकण उघडून विचारलं, काका, तुम्ही अंडी कधीपासून खायला लागलात? जन्मात कुणाला मापात खोट करू दिली नाही, तो तुझा बाप टरफलांवर पकडला गेला.

मग जिन्यातच खरं सांगून टाकलं. तुलाही सांगतो. तुझी आई गेल्यापासून एकट्यासाठी गॅस पेटवावासा वाटत नाही. काही करायला घेतलं की हाताला दोघांचंच माप येतं, आणि ते उरलेलं मला बघवत नाही. म्हणून बिस्किटं. तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं.

बाई म्हणाल्या, त्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांनीही महिनाभर पावावर काढला होता. आता रोज माझी बादली तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. काल मी बटाटे सोलले. अर्धा बटाटा सालातच घालवलात म्हणून ओरडा खाल्ला. पण ओतण्याआधी ती सालं त्यांनी ड्रायव्हरला खाली बोलावून दाखवली.

बॅग भरलेली नाही. भरायची की नाही, ते इथे जेवून तू ठरव. मात्र पंधराला एकटीच ये. जावईबापूंना राग येऊ देऊ नकोस, पण तिघांचं माप मला अजून जमत नाही. दोघांचं करून ठेवतो.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझे,
बाबा